मनातली अढी देवापुढे सोडताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

"सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे." नीतिसूत्रे 4:23 हे वचन मंडळीत वाढलेल्या पुष्कळांना पाठ असते. रक्षण करायचे म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नुकताच विश्वासात आलेला माणूस विचारतो, "सख्ख्या भावाने फसवले, त्याला क्षमा करायची म्हणजे काय करायचे?" त्याला उत्तर मिळते, "प्रार्थना करा." उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे.

मोघम प्रार्थनेने मन मोकळे होत नाही. "प्रभू, सगळ्यांना क्षमा कर, मला शांती दे" असे वर्षभर म्हणत राहिले तरी लग्नाच्या मांडवात तो माणूस समोर आला की पोटात गोळा येतोच. काय दुखले, कुणी दुखवले, त्यात आपले काय गेले आणि आपलेही काय चुकले, हे नाव घेऊन देवापुढे ठेवावे लागते. पवित्र शास्त्रातल्या प्रार्थना अशाच नेमक्या आहेत. पुढचा क्रम त्यांच्यावरूनच बांधलेला आहे.

तयारी

रोजची वीस मिनिटे, एक शंभर पानी वही, पेन आणि पवित्र शास्त्र एवढे पुरते. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रचलित मराठी भाषांतराची भाषा जड वाटली, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' घ्या. कोणतेही घेतले तरी पहिल्या महिन्यात उत्पत्तीपासून वाचायला सुरुवात करू नका. लेवीयपर्यंत पोचून थांबलेले वाचक फार आहेत. या कामासाठी स्तोत्रसंहिता आणि मत्तयाचे शुभवर्तमान ही दोन पुस्तके आधी हाताशी हवीत.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यातल्या बायबल ॲपवर वाचायला हरकत नाही, पण त्याच पडद्यावर भावजयीचे स्टेटस दिसले की वीस मिनिटे तिथेच जातात.

वही कुणाच्या हाती लागणार नाही अशी जागा आधी बघा. घर दोन खोल्यांचे आणि माणसे सात असतील तर वहीऐवजी सुटा कागद वापरा आणि काम झाल्यावर फाडून टाका, किंवा सकाळी फिरायला जाताना हळू आवाजात बोला. लिहिलेच पाहिजे असा नियम नाही. पण मनातल्या मनात केलेली प्रार्थना चार वाक्यांनंतर भलतीकडे जाते आणि लिहिलेली किंवा उच्चारलेली बरीच टिकते, म्हणून आमचा कल लिहिण्याकडे आहे.

सुरुवात केव्हाही करता येते. कॅथलिक असाल किंवा तुमची मंडळी उपवासकाळ पाळत असेल, तर राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ सोयीचा पडतो. रविवार वगळता ते 40 दिवस होतात, आणि आजूबाजूची माणसेही त्याच कामात असतात.

आधी जेवण आणि झोप

हे वाचून काहींना नवल वाटेल, पण 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात देवाने हाच क्रम ठेवलेला आहे. एलीया जिवाच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि "आता पुरे झाले, माझा जीव घे" असे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप लागली. मग देवदूताने उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो खाऊन पुन्हा झोपला, दूताने पुन्हा उठवले, पुन्हा खायला दिले. त्यानंतर तो होरेब डोंगरापर्यंत चालत गेला, आणि देवाचे बोलणे तिथे झाले.

म्हणून आठवडाभर नीट झोप झाली नसेल, उपाशी असाल किंवा भांडण आताच होऊन अंग थरथरत असेल, तर क्षमेचे काम त्या रात्री काढू नका. "प्रभू, आज माझ्याने होत नाही, मला सांभाळ" एवढे म्हणून जेवा आणि झोपा. "सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा" हे इफिसकरांस पत्रातले (4:26) वचन दाखवून नवरा-बायकोला रात्री दोन वाजेपर्यंत भांडण मिटवायला बसवणारे लोक आहेत. राग मुरू देऊ नये हा त्या वचनाचा रोख आहे. दमलेल्या दोघांनी पहाटेपर्यंत एकमेकांचे जुने हिशोब काढावेत असे त्यात म्हटलेले नाही. त्या रात्री "उद्या सकाळी चहाच्या वेळी बोलू" एवढे ठरवून झोपले तरी वचन पाळले जाते. मात्र सकाळी खरोखर बोलायचे.

रात्रीची उजळणी

पहिले सात दिवस फक्त एवढेच करा. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दिवस आठवायचा. ही पद्धत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी घालून दिली आणि येशूसंघीय (जेझुइट) आजही ती पाळतात. मराठी कॅथलिक तिला आत्मपरीक्षण म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळीतल्या माणसालाही ती वापरायला काहीच अडचण नाही, कारण तिचे मूळ 139 व्या स्तोत्राच्या शेवटी आहे, जिथे दावीद देवाला म्हणतो की माझे अंतःकरण तपास.

क्रम असा. आजच्या दिवसातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल आभार माना, आणि त्या छोट्या असू द्या: वेळेवर आलेली एसटी, आईचा उतरलेला ताप. मग देवाला प्रकाश मागा, म्हणजे दिवस स्वतःच्या सोयीने न बघता जसा झाला तसा दिसावा अशी विनंती करा. नंतर सकाळपासून तासातासाने दिवस आठवा. जिथे मन आखडले, जीभ तिखट झाली, कुणाचे नाव ऐकून चेहरा बदलला, तिथे थांबा. जे चुकले त्याची क्षमा मागा. शेवटी उद्याचा एक कठीण प्रसंग देवाच्या हाती द्या.

सात दिवसांत एक गोष्ट लक्षात येईल: तेच एक-दोन चेहरे पुन्हा पुन्हा येतात. ती नावे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. काम तिथे आहे. नावे आठ-दहा निघाली तरी एका वेळी एकच घ्यायचे, आणि सुरुवात सर्वांत मोठ्या जखमेपासून करायची नाही. बापाने लहानपणी केलेल्या मारहाणीला हात घालण्याआधी, भिशीचे पैसे बुडवणाऱ्या शेजारणीपासून सुरू करा.

देवाकडे तक्रार

नव्या विश्वासणाऱ्यांना ही पायरी सर्वांत अवघड जाते. देवाकडे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटते. पण 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे, आणि मंडळीने तो शतकानुशतके प्रार्थना म्हणून म्हटलेला आहे.

13 वे स्तोत्र उघडा. फक्त सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो: देव कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर झुरणार, शत्रू कोठवर वरचढ राहणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आहे. या सांगाड्यावर स्वतःचे सहा ओळींचे स्तोत्र लिहा. दोन ओळी तक्रारीच्या, दोन मागणीच्या, दोन भरवशाच्या. भरवशाच्या ओळी सुचत नसतील तर रिकाम्या सोडा. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, तरीही ते शास्त्रात आहे.

ज्याने दुखवले तो जवळचा असेल तर 55 वे स्तोत्र घ्या. त्याच्या 12 ते 14 या वचनांत कवी म्हणतो की शत्रूने असे केले असते तर सोसले असते, पण हा माझा मित्र, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात होतो. मंडळीतल्याच माणसाकडून दुखावलेल्यांना ही तीन वचने फार उपयोगी पडतात. ज्यांना लिहायला शब्द सुचत नाहीत त्यांनी गावे. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली नारायण वामन टिळकांची पदे मराठी मनाच्या चालीची आहेत. आवाज चांगला असण्याची गरज नाही.

इथे एक घोटाळा हमखास होतो. तक्रार करता करता माणूस प्रार्थना सोडून तोच प्रसंग घोळवत बसतो. त्याने काय म्हटले, मी काय म्हणायला हवे होते, पुढच्या वेळी काय सुनावीन. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यांत 'तू' म्हणजे देव उरला नाही आणि सगळीकडे 'तो' किंवा 'ती' आली, की प्रार्थना थांबली. गजर लावा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. गजर वाजला की शेवटचे वाक्य देवाला उद्देशून लिहा आणि उठा. त्या दिवशी पुन्हा बसू नका.

हिशोब मांडणे

दुसऱ्या आठवड्यात वहीचे एक पान उभे चार भागांत पाडा. पहिल्या भागात काय घडले ते, तिथे हजर असलेला तिऱ्हाईत सांगेल तसे. दुसऱ्यात, त्यात माझे काय गेले. तिसऱ्यात, मी आजवर त्याची वसुली कशी करत आलो. चौथ्यात, माझे स्वतःचे काय चुकले.

समजा प्रकरण असे आहे: आईच्या आजारपणात धाकट्या भावाने दवाखान्यासाठी 60,000 रुपये पाठवले. आई गेल्यावर थोरल्याने नातेवाइकांसमोर "सगळा खर्च मी एकट्याने केला" असे सांगितले. धाकट्याच्या पानावर पहिल्या भागात "दादा लबाड आहे" असे लिहायचे नाही. "दहाव्याला आलेल्या लोकांपुढे दादाने माझ्या पैशांचा उल्लेख केला नाही" एवढेच लिहायचे. दुसऱ्या भागात पैसे येतीलच, पण खरे गेले ते बहुधा वेगळे असते: आईसाठी मीही काही केले हा मान. तो लिहावा. तिसऱ्यात: दोन वर्षे दादाचा फोन उचलला नाही, पुतणीच्या लग्नाला गेलो नाही, बायकोजवळ रोज त्याचे उणे काढतो. चौथ्यात: पैसे पाठवले पण आईजवळ एकही रात्र बसायला गेलो नाही, आणि दादा रोज बसत होता.

चौथा भाग कोरा राहिला तर घाई करून भरू नका. काही वेळा तो खरोखर कोरा असतो. लहान मुलावर झालेल्या अत्याचारात मुलाचा वाटा शून्य असतो आणि तिथे काही शोधणे पाप आहे. पण भावाभावांच्या, सासू-सुनांच्या, मंडळीतल्या पदांच्या भांडणांत तो क्वचितच कोरा असतो.

हिशोब मांडणे हे प्रेमाच्या विरुद्ध आहे, असे काहींना वाटते. मत्तय 18 मधला दाखला बघा. धन्याला सोडून द्यायचे होते तरी त्याने आधी हिशोबच घेतला. एका चाकराकडे 10,000 तालंत निघाले. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले, कुठल्याही जन्मात न फिटणारे. धन्याने ते सोडले. बाहेर पडल्यावर या चाकराने आपल्या सोबत्याला 100 दीनारांसाठी गळ्याला धरले.

प्रवचनांत हे 100 दीनार नेहमी क्षुल्लक म्हणून सांगितले जातात. ते क्षुल्लक नव्हते. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे हातावर पोट असलेल्या घराचे तीन महिन्यांपेक्षा जास्त जेवण. येशू असे म्हणत नाही की तुझे काही गेलेच नाही. तुझे 100 दीनार खरे आहेत, आणि तुला सोडलेले सहा कोटीही खरे आहेत. क्षमेचे बळ या दुसऱ्या आकड्यातून येते. म्हणून हिशोबाच्या पानाखाली एक रेघ मारून स्वतःला देवाने काय काय सोडले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. 51 वे स्तोत्र समोर ठेवले तर सोपे जाते. कॅथलिकांनी हे पान कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापकबुलीला, जाण्यापूर्वी वाचावे. तिथे मोघम बोलणे आपोआप थांबते.

सोडणे

आता उच्चारून बोलायचे. खोलीत एकटे असताना, देवाला, नाव घेऊन: "प्रभू, दादाने माझा मान ठेवला नाही, ते मला लागले. तू मला ख्रिस्तात सोडले आहेस म्हणून मी त्याला सोडतो. ही वसुली मी आजपासून करणार नाही." आणि मग तिसऱ्या भागातली एकेक ओळ वाचून तिच्यावर काट मारायची. फोन न उचलणे: बंद. उणे काढणे: बंद.

भावना बदलली नाही तरी हे खरे असते. क्षमा हा आधी निर्णय आहे आणि मन मागून येते, कधी आठवड्याने, कधी वर्षांनी. भावना बदलेपर्यंत थांबणारा माणूस थांबतच राहतो.

काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हे इथे स्पष्ट हवे. सूड, टोमणे, अबोला, त्याचे वाईट व्हावे ही इच्छा आणि त्याने आपल्यापुढे नाक घासावे ही अपेक्षा सोडायची. खरे काय घडले ते सांगण्याचा हक्क, कायदा आणि सावधपणा सोडायचा नाही. भावाला क्षमा केली म्हणून जमिनीची वाटणी तोंडी ठेवायची नसते. मोजणी करून घ्या, वाटणीपत्र नोंदवा, सातबारावर नावे लागली का ते पाहा. लूक 12 मध्ये एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणीदार व्हायला नकार देतो आणि लोभाविषयी सावध करतो. कागद व्यवस्थित केल्याने पुढच्या पिढीचे भांडण टळत असेल, तर तेही प्रेमाचे काम आहे.

22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमोथी, यांना गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतरही काही वर्षे बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा केली. खटला चालला, शिक्षाही झाली. क्षमेने न्यायालयाचे काम थांबले नाही, आणि न्यायालयाच्या कामाने क्षमा खोटी ठरली नाही. ज्यांना वाटते की पोलिसांत तक्रार केली तर मी ख्रिस्ती कसला, त्यांनी या बाईंकडे पाहावे.

योसेफाची कथाही याच अंगाने वाचा. भावांनी त्याला विकले तेव्हा तो 17 वर्षांचा होता. ते धान्यासाठी मिसरात आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामीनाच्या बाबतीत ते आता कसे वागतात हे त्याने आधी पाहिले. यहूदा स्वतः गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा योसेफ रडला आणि बोलला. विश्वास पुन्हा ठेवण्यापूर्वी वागणूक पाहणे यात काहीच गैर नाही. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात.

पुन्हा वर आले तर

येईलच. स्वयंपाक करताना, दुसऱ्याच कुणाचे बोलणे ऐकताना, वर्षश्राद्धाच्या किंवा वाढदिवसाच्या तारखेला. नवशिक्यांना वाटते की आपली क्षमा खोटी होती. तसे नाही. पेत्राने सात वेळा का, असे विचारले तेव्हा येशूने सांगितलेला 'साताच्या सत्तर वेळा' हा आकडा याचसाठी उपयोगी आहे. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा केलेल्या अपराधांना तो लागू होतोच, पण एकच अपराध पुन्हा पुन्हा आठवतो त्यालाही तो पुरतो.

त्या वेळी सगळा हिशोब पुन्हा मांडायचा नाही. एकच वाक्य: "हे मी सोडले आहे, प्रभू, तुझ्यापाशी आहे." आणि हातातले काम पुढे. त्याबरोबर दोन आठवडे रोज त्या माणसासाठी एक नेमकी मागणी करा. "त्याला सद्बुद्धी दे" ही मागणी चालणार नाही, कारण तिच्यात राग लपून बसतो. त्याच्या मुलीला नोकरी लागू दे, त्याचा गुडघा बरा होऊ दे, या वर्षी त्याच्या सोयाबीनला भाव मिळू दे. ही मागणी करताना जीभ अडली तर अजून काय शिल्लक आहे ते कळते, आणि ते हिशोबाच्या पानावर जोडता येते.

कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांचा 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरजवळ खून झाला. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन खुन्याच्या हाताला राखी बांधून आली ती 2002 साली. सात वर्षे गेली होती. तुम्हाला सात महिने लागले तर स्वतःवर चिडू नका.

माफी मागायला जाताना

चौथ्या भागात काही निघाले असेल तर ते आपले देणे आहे, आणि समोरच्याने त्याचे देणे फेडण्याची वाट न पाहता ते फेडायचे असते. मत्तय 5:23–24 मध्ये येशू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला जायला सांगतो.

एकट्याने जा. दिवस सणाचा किंवा लग्नाचा नको, आणि व्हॉट्सॲपवर लांबलचक संदेश तर मुळीच नको. तो कुटुंबाच्या ग्रुपवर पोचायला तासही लागत नाही. बोलणे तीन वाक्यांचे असावे: मी काय केले, त्याने तुझे काय झाले असेल, आणि मी आता काय करणार. "दादा, आईजवळ रात्री तू बसलास, मी आलो नाही आणि तुझे आभारही मानले नाहीत. सगळा भार तुझ्यावर पडला. माझे चुकले, मला माफ कर. यंदाच्या वर्षश्राद्धाला मी दोन दिवस आधी येतो." इथे थांबा. "पण तूही..." हे शब्द आले की सगळे वाया गेले. "काही चुकलं असेल तर" हीसुद्धा माफी नव्हे. पैशाचे नुकसान केले असेल तर पैसे घेऊन जा. जक्कयाने नुसते "माझे चुकले" म्हटले नाही, अन्यायाने घेतलेले चौपट परत करतो असे तो म्हणाला (लूक 19:8).

याच्या उलट, ज्याला आपण काही केल्याचा पत्ताच नाही अशा माणसाकडे जाऊन "मी तुम्हाला क्षमा केली" असे सांगू नका. त्याला तो आरोप वाटतो, आणि पुष्कळदा तो आरोपच असतो. अपराध गंभीर असेल आणि बोलणे भागच असेल तर मत्तय 18:15 पासूनचा क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. आपल्याकडे तो नेमका उलटा चालतो. बुधवारच्या प्रार्थना सभेत "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, तिथे जरा..." असे म्हणून सगळी मंडळी आधी जाणते आणि ज्याचे प्रकरण तो शेवटी. प्रार्थनेची विनंती सांगताना दुसऱ्याचे नाव आणि तपशील गाळा. पाळकांना किंवा फादरांना एकांतात सांगणे ही वेगळी गोष्ट आहे.

चिंता आणि भरवसा

राग सोडला की त्याच्या जागी पुष्कळदा भीती उरते: पुन्हा असेच झाले तर? फिलिप्पैकरांस पत्रातले "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" (4:6) हे पौलाने तुरुंगातून लिहिले. त्याच वचनात पुढे पद्धतही दिलेली आहे: आभार मानून आपली मागणी देवाला कळवा.

वहीत दर रविवारी चिंता लिहा, तारखेसह, एकेक करून. प्रत्येकीसमोर "या आठवड्यात माझे काम" आणि "माझ्या हाताबाहेरचे" असे दोन भाग करा. मुलाच्या बारावीची चिंता असेल तर क्लासची फी भरणे आणि रात्री त्याला वेळेवर जेवायला देणे हे तुमचे. पेपर कसा निघेल हे हाताबाहेरचे. पहिल्या भागासमोर वार लिहा, दुसरा भाग मोठ्याने देवाला सांगा. नहेम्या 4:9 मध्ये यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. पहारा बसवला म्हणून त्यांची प्रार्थना कमी झाली नाही. चार रविवारांनी मागची पाने उघडा. काही चिंता गळून गेलेल्या दिसतील, काही मागण्यांना हवे तसे उत्तर मिळाले नसेल. त्या दोन्ही देवापुढे वाचा.

हा क्रम जिथे थांबवायचा

घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचे काम तिथे पोचल्यावर करा. "सहन कर, तुझा क्रूस आहे" असे कुणी सांगितले, पाळकांनी सांगितले तरी, ते ऐकू नका. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्याने (2012) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीत मिटवण्याचा तो विषयच नाही. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवता येते.

झोप-भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. एलीयाला दोनदा खाऊ घालणाऱ्या देवाला गोळीचे वावडे नाही.

प्रभुभोजनाचा प्रश्न

भांडण अजून मिटलेले नसेल तर प्रभुभोजन घ्यावे का, हे नवीन विश्वासणारे हमखास विचारतात, आणि बरेच जण महिनोनमहिने मागच्या बाकावरच बसून राहतात. पहिल्या करिंथकरांस पत्रात (11:28) पौल सांगतो की माणसाने स्वतःची पारख करावी आणि मग ती भाकर खावी. पारख करून दूर राहावे असे तो म्हणत नाही. रोमकरांस पत्रातले (12:18) मापही इथे लावा: "तुमच्याकडून होईल तितके" सर्वांशी शांतीने राहा. तुम्ही देवापुढे सोडले आहे, आपले देणे फेडायला गेला आहात, आणि समोरच्याने दार उघडले नाही, तर तुमचा वाटा झालेला आहे. पुढे या आणि घ्या. अजून गेलाच नसाल तर कोणत्या दिवशी जाणार तो वार ठरवून देवाला सांगा आणि या. सोडायचेच नाही असा निर्धार असेल, तर त्या रविवारी उपासना संपल्यावर घरी न जाता पाळकांना किंवा फादरांना गाठा आणि तेच त्यांना स्पष्ट सांगा.